रविवार संपल्यावर आपले कोण? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदरासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : मंडळी (म्हणजे आपले चर्च) आहे, उपासना आहे, पाळक (पास्टर) आहेत, परंतु ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असे माणूस मंडळीत सापडत नाही आणि शोधायला सवड नाही. त्यांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळेही तेथेच आहेत असे मला वाटते.

प्रश्न : मी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि आम्ही कुपवाडला राहतो. यजमान एमआयडीसीत कामाला असून त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. माझी ड्यूटीही कधी सकाळची, कधी रात्रीची. महिन्यातून दोन रविवार उपासनेला जाता येते, तेही धावतपळत. दाराशी पाळकसाहेब हात मिळवतात, दोघीतिघी ‘सलाम, बऱ्या आहात ना?’ म्हणून विचारतात आणि मी ‘बरी आहे’ म्हणून स्कूटरकडे वळते. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी वचन येते आणि वाढदिवसाला केकची चित्रे येतात. मागच्या पावसाळ्यात धाकट्याला डेंग्यू झाला. यजमान रात्रपाळीला होते, मुलाला घेऊन मला दवाखान्यात जायचे होते आणि मोठ्या मुलीजवळ कोणाला बसवावे म्हणून रात्री अकराला फोन हातात घेतला, तेव्हा मंडळीतले एकही नाव मला सुचले नाही. शेवटी शेजारच्या मुस्लिम काकू आल्या आणि पहाटेपर्यंत बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ड्यूटीवर माझ्याबरोबर केरळच्या दोन सिस्टर आहेत, एक कॅथलिक आणि एक पेंटेकॉस्टल. त्या जेवणाच्या सुट्टीत प्रार्थना करतात आणि मलाही बोलावतात. मी जावे का? की सरळ मंडळीच बदलावी? (एक भगिनी, कुपवाड)

उत्तर : भगिनी, शेजारच्या काकू आल्या याचे वाईट वाटून घेऊ नका. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला प्रभू येशूने जे उत्तर दिले त्यात जखमी माणसाजवळ थांबणारा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला माणूस, होता, आणि याजक (पुरोहित) व लेवी (मंदिराचा सेवक) दुसऱ्या बाजूने निघून गेले होते. त्या रात्री आपल्या दारात देवाची दया उभी राहिली, तिच्याबद्दल उपकारच मानायचे. आपल्याला सलते ते निराळे आहे : ज्यांच्याबरोबर आपण एका भाकरीचे वाटेकरी होतो, त्यांच्यापैकी एकाचाही आधार आठवू नये, हे. हे दुःख खरे आहे. आपला विश्वास कमी पडला असा त्याचा अर्थ मी मुळीच घेत नाही.

ही पोकळी एकाएकी आलेली नाही. डॉ. विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले आणि 1894 साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. वानलेसवाडी हे नाव आपण आजही रोज ऐकता. मिरजेत रुग्णालयाभोवती, इकडे वाईला मिशनच्या दवाखान्याभोवती आणि ठिकठिकाणी मिशनच्या शाळांभोवती जी ख्रिस्ती वस्ती वाढली, तिला आपली वडीलमाणसे ‘कंपाउंड’ म्हणत आली. कंपाउंडात राहणाऱ्याला सहवास शोधावा लागत नसे. पाणी एकाच ठिकाणचे, मुलांची शाळा एक, कामाचे ठिकाण एक. कोणाच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा दिसला तर सकाळी कोणीतरी विचारायला येई. त्या जीवनाचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण तेथे भांडणेही पुष्कळ होत, कोणाची गोष्ट गुप्त राहत नसे आणि पुष्कळदा मिशनरी साहेबाचा शब्द शेवटचा असे. परंतु रविवारची उपासना तेव्हा सहा दिवसांच्या सहवासावर उभी होती. आज आपण कुपवाडला, कोणी विश्रामबागेत, कोणाची मुले पुण्याला, आणि खालचे सहा दिवस निघून गेल्यावर वरचे दोन तास तेवढे जसेच्या तसे राहिले आहेत. आपल्या मंडळीतली माणसे मनाने कोरडी झाली असे मी मानत नाही. त्यांना एकमेकांना भेटायला जागा आणि निमित्तच राहिलेले नाही.

म्हणून आपल्याला मागे जायचे असेल तर कंपाउंडाच्याही मागे जाऊ या, कारण पहिल्या मंडळ्यांची परिस्थिती आपल्या ड्यूटीच्या वेळापत्रकाशी फार जुळते. रविवार हा सुट्टीचा दिवस सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये ठरवला. त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती माणसे कामाच्या दिवशीच जमत होती. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, मग पांगतात आणि पुन्हा साधे अन्न खाण्यासाठी जमतात. याच पत्रात तो सांगतो की माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत असत. त्या दोघी दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या होत्या, त्यांचा वेळ त्यांच्या मालकीचा नव्हता, आणि तरीही सुभेदाराला मंडळीची माहिती हवी झाली तेव्हा त्याने त्यांनाच पकडले. कामामुळे रविवारी येता येत नाही म्हणून आपण मंडळीच्या कडेला उभ्या आहोत असे जेव्हा आपल्याला वाटेल, तेव्हा या दोघींची आठवण अवश्य ठेवा.

याहून महत्त्वाचा प्रसंग करिंथच्या मंडळीतला आहे. तेथे प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्यासाठी, लोक जमत, तेव्हा काही जण आपले अन्न आधीच खाऊन-पिऊन घेत आणि काही जण उपाशी राहत. मागाहून येणारे बहुधा दास आणि मजूर असावेत, मालकाच्या कामातून सुटल्यावर येणारे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. प्रेषित पौलाने त्यावर उशिरा येणाऱ्यांना लवकर यायला सांगितले नाही. जे आधी पोहोचले होते त्यांना त्याने सांगितले की एकमेकांची वाट पाहा. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी हे वचन आहे, आणि आपल्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी त्याच अध्यायातला आधीचा भाग वाचून आपण बहुधा तेथेच थांबतो. माझे स्पष्ट मत असे आहे की मंडळीचे घड्याळ तिच्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या सवडीने लागले पाहिजे, आणि जोवर सगळे कार्यक्रम निवृत्त व सुट्टी असणाऱ्यांच्या सोयीने ठरतात तोवर कोणाच्याही आस्थेवर शंका घेण्याचा मंडळीला अधिकार नाही.

मंडळी उद्या बदलणार नाही, तेव्हा आपण काय करावे ते सांगतो. आपल्या मंडळीत पाळीने काम करणारी आणखी एखादी बाई नक्की असेल. परिचारिका असेल, एसटीत वाहक असेल, कारखान्यातल्या कामगाराची पत्नी असेल. ती कोण आहे हे पाळकसाहेबांना किंवा त्यांच्या पत्नीला विचारा आणि तिला स्वतः फोन करा. दोघींच्या पाळ्यांचे तक्ते समोर ठेवून महिन्यातील दोन वेळा ठरवा, मग ती बुधवारची दुपार असो की रात्रपाळी संपल्यानंतरची सकाळ. आळीपाळीने एकमेकींच्या घरी बसा. चहाशिवाय काहीही करायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला आणि तो मोडू नका, कारण पोहे, मग उपीट, मग जेवण असे वाढत गेले की ज्या घरी कोणी मदतीला नाही ती बाई येणे बंद करते. अनेक घरसभा अशाच बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. एक स्तोत्र वाचा, या पंधरवड्यात काय जड गेले ते प्रत्येकीने सांगा, एकमेकींसाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि उठा. पाऊण तास पुष्कळ झाला. पहिल्या दोन-तीन भेटींत बोलणे मुलांच्या शाळेपलीकडे जाणार नाही. त्याने निराश होऊ नका, कारण विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो बसण्याआधी मन उघडे करणे शहाणपणाचेही नाही. आणखी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच करा : रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल का, हे तोंडाने विचारा आणि माझ्याकडे केला तर चालेल, हे तोंडाने सांगा. आपल्याकडे माणसे मदतीला मागे सरत नाहीत, मागायला मात्र फार संकोचतात.

केरळच्या सिस्टरांबरोबर आपण अवश्य बसा. जेवणाच्या सुट्टीत वॉर्डाच्या शेजारी ज्या दहा मिनिटांत तिघी डोळे मिटतात, तो खरा सहवास आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळे संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यासाठी वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या होत्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी एवढे कष्ट ज्या ऐक्यासाठी घेतले, त्याचा एक लहानसा घास आपल्याला ड्यूटीवर मिळत असेल तर तो नाकारू नये. शिकवणुकीतले फरक आहेत, त्यांवर त्या दहा मिनिटांत वाद घालू नका. आणि प्रभुभोजनासाठी आपल्या मंडळीतच जात राहा.

मंडळी बदलावी का? चुकीचे शिक्षण दिले जात असेल, पैशाचा किंवा अधिकाराचा गैरवापर होत असेल, स्त्रिया आणि मुले तेथे सुरक्षित नसतील, तर क्षणभरही थांबू नये. आपण जे लिहिले आहे त्यात यातले काही नाही. नव्या ठिकाणीही आपल्याला महिन्यातून दोनच रविवार मिळतील आणि तेथे तर आपले नावही कोणाला ठाऊक नसेल.

प्रश्न : मी सातारा तालुक्यातली असून जन्माने ख्रिस्ती नाही. महाविद्यालयात असताना शुभवर्तमान वाचले, पुढे विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी तेव्हापासून अंतर ठेवले आहे. मंडळीत सगळे चांगले बोलतात, पण नव्याने भेटणारा प्रत्येक जण आधी आडनाव विचारतो, मग ‘मूळचे कुठले तुम्ही?’ म्हणून विचारतो, आणि उत्तर ऐकले की बोलण्याचा सूर बदलतो. कधी फार आदर, कधी थंडपणा. सरळपणा तेवढा मिळत नाही. लग्नकार्याला मला बोलावणे नसते. मी कोठली? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला संकोच वाटतो, कारण हा दोष आपल्या सगळ्या समाजाचा आहे. ‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न नेहमीच वाईट हेतूने विचारला जातो असे नाही. आपल्याकडे नगरचे कोण, जालन्याचे कोण, कोणाची सोयरीक कोणाकडे, यावर माणसे एकमेकांना लावून घेतात आणि त्यातून जवळीकही होते. परंतु ज्याला असे गणगोत नाही त्याच्यासाठी हाच प्रश्न दार बंद करणारा ठरतो, आणि पुष्कळदा त्यामागे जात शोधण्याचीच खोड असते. याकोबाच्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला पक्षपाती म्हटले आहे. आडनाव ऐकून आदर वाढवणे आणि आडनाव ऐकून थंड होणे ही दोन्ही त्याच पापाची रूपे आहेत, आणि या अंकाचे जे वाचक मंडळीत दाराशी उभे राहून नव्यांचे स्वागत करतात त्यांनी हे मनाशी घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याच साताऱ्याला या प्रश्नाचा एक मोठा वारसा आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. त्या अवघड वर्षांत त्यांच्या घरावर काय गुजरले आणि सर्वांच्या हातचे खाण्यापर्यंत लक्ष्मीबाईंचे मन कसे येत गेले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आहे. पुढे 1917 साली टिळक मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताला मानणारे सर्व, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही, एका बंधुभावात यावेत अशी त्यांची इच्छा होती. 1919 साली ते वारले आणि ते काम वाढू शकले नाही. ज्या कवीची पदे प्रत्येक मराठी मंडळी गात होती, त्यालाही आयुष्याच्या शेवटी असा बंधुभाव नव्याने उभारावासा वाटला, यावरून आपली भूक किती रास्त आहे हे ध्यानात येईल.

आपण आता एक घर शोधा. पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ केलेल्या शौलावर, म्हणजे पुढच्या पौलावर, यरुशलेमात कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा बर्णबाने त्याला बरोबर घेऊन प्रेषितांकडे नेले. सगळी मंडळी वळण्याआधी एक माणूस वळला. आपल्या मंडळीत असे एखादे जोडपे असते, बहुधा वयाने मोठे, ज्यांच्या घरी आपण अवचित गेलात तरी त्यांची धांदल उडत नाही. त्यांना सांगा की नाताळला आणि ईस्टरला मला जायला घर नाही. एवढे ऐकून जे घर आपल्याला बोलावील, ते आपले. घरच्यांशी मात्र संबंध तोडू नका. बोलावले नाही तरी आईच्या आजारपणात, भावाच्या अडचणीत जा.

प्रश्न : मी साताऱ्याचा आहे आणि पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. शनिवारी घरी येतो, रविवारी दुपारी परत निघतो. खंबाटकी घाटात कधी किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे आईबरोबर मंडळीत जाणे अधूनमधूनच होते. पुण्यातल्या एका मोठ्या चर्चमध्येही कधीमधी जातो. बहुतेक वेळा मोबाइलवरच उपासना पाहतो. उपदेश खरोखर उत्तम असतो आणि मला त्यातून खूप मिळते. एवढे पुरे नाही का? (एक तरुण, सातारा)

उत्तर : उपदेश मिळतो तो घेत राहा, मी तो बंद करायला सांगणार नाही. योहानाचे दुसरे पत्र अगदी छोटे आहे आणि त्याच्या शेवटी तो म्हणतो की लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने लिहावे असे वाटत नाही. भेटून समोरासमोर बोलावे, म्हणजे आनंद पूर्ण होईल. दुरून पोहोचवण्याचे जे साधन त्याच्या काळी होते ते त्याने वापरले आणि त्याची मर्यादाही ओळखली. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो पडला हे लगेच कळले, पौल स्वतः खाली धावला आणि पहाटे लोकांनी त्याला जिवंत घरी नेले, कारण तो त्यांच्यात बसला होता. मोबाइलवर आपण पाहतो, आपल्याला कोणी पाहत नाही. कामाच्या ताणाने आपण खचत चाललो, व्यसनाकडे वळलो, प्रार्थना सुटली, तरी त्या पडद्यापलीकडे कोणालाही ते कळणार नाही.

आपली खरी अडचण अंतराची असण्यापेक्षा अर्धवटपणाची आहे असे मला दिसते. पुण्यात पाहुणा आणि साताऱ्यातही पाहुणा, अशी आपली स्थिती झाली आहे. यातली एक जागा आपली म्हणून निवडा आणि दुसरीकडे मोकळ्या मनाने पाहुणे राहा. पुणे निवडले तर त्या मोठ्या चर्चमध्ये आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी घरोघरी जे गट बसतात त्यांतल्या एकात नाव द्या, आणि कंपनीतून निघायला उशीर झाला तर उशिरा जा, पण जा. सातारा निवडले तर मंडळीत असे एखादे काम अंगावर घ्या की आपण आला नाहीत तर ते अडेल. आपल्याला तबला येत असेल तर उपासनेत तो वाजवा. काहीच येत नसेल तर आपल्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला गाडीतून उपासनेला नेण्याची आणि परत सोडण्याची जबाबदारी घ्या. त्या येण्या-जाण्यात जे बोलणे होईल ते आपल्या वयाच्या दहा मित्रांकडून मिळणार नाही. रविवारी दोन तास उशिरा निघालात तर सोमवारची सकाळ थोडी जड जाईल, हे मला मान्य आहे.

आईबरोबर जाणे अधूनमधून होते असे आपण लिहिले आहे. ते दर रविवारी करा. त्या बाकावर तिच्या शेजारची जागा आपली आहे आणि ती तिथे एकटी बसते.

प्रश्न : मी सांगलीच्या एका मंडळीचा वडील (एल्डर, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक) आहे. उपस्थिती घटत आहे म्हणून आम्ही तरुण संघाचे शिबिर, महिला मंडळाच्या स्पर्धा, बायबल प्रश्नमंजूषा, संगीत संध्या असे उपक्रम वाढवले. तेच ते पंधरा-वीस लोक सगळीकडे राबतात आणि तेही आता कंटाळले आहेत. 2019 च्या पुरात कृष्णेचे पाणी चढले तेव्हा आमचे कोणते कुटुंब कोठे अडकले आहे हे शोधण्यातच दोन दिवस गेले, कारण नोंदवहीतले निम्मे फोन नंबर बंद होते. आणखी कोणता उपक्रम सुचवाल? (मंडळीचे एक वडील, सांगली)

उत्तर : आदरणीय महोदय, कोणताही नाही. वर्षभरासाठी अर्धे उपक्रम थांबवा, आणि राबणाऱ्या त्या पंधरा-वीस जणांना प्रथम एक महिना पूर्ण विश्रांती द्या. पुराचे आपण जे लिहिले आहे त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आलेले आहे. ज्या मंडळीला आपल्या माणसांचे पत्ते ठाऊक नाहीत तिने संगीत संध्या घेऊ नये, असे मी कठोर वाटले तरी म्हणेन.

1742 साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी असे ठरले की बारा-बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करावी. पुढारी घरी जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसले की कोठे आजार आहे, कोठे भांडण आहे, कोठे दारू आहे. वेस्लीने ही व्यवस्था तेथून पुढे आत्मिक काळजीसाठी वापरली आणि मेथडिस्ट चळवळीचा कणा त्याच गटांचा बनला. त्या वेळी सुरुवात पैशासाठी झाली होती. महत्त्वाचे हे होते की कोणीतरी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दारात उभे राहत होते.

मला माहीत असलेल्या एका मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या मागून दुसऱ्या बाकावर बसतात आणि त्यांच्या पिशवीत शंभर पानी वही असते. वहीत दर रविवारची तारीख आणि तिच्याखाली फक्त न आलेल्यांची नावे. काही नावांपुढे एखादा शब्द असतो, ‘गुडघा’, ‘बारावी’, ‘भाचीचे लग्न’, ‘दिवसपाळी’. काही नावांपुढे नुसती रेघ, म्हणजे कारण कळलेले नाही. सोमवारी दुपारी त्या रेघेच्या नावांना फोन करतात. उपासनेला का आला नाहीत असे त्या विचारत नाहीत. ‘काल तुम्ही दिसला नाहीत, घरी सगळे ठीक आहे ना?’ एवढेच विचारतात आणि पुढे ऐकून घेतात. एखाद्या घरातून दोनदा नीट उत्तर आले नाही तर त्या रिक्षा करून जातात. त्यांना मंडळीत कोणतेही पद नाही.

आपल्या पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) पुढच्या बैठकीत सर्व कुटुंबांची यादी घ्या आणि एकेका वडिलांकडे आठ-दहा घरे सोपवा. सहा महिन्यांत प्रत्येक घरी एकदा जाऊन बसायचे. वर्गणी मागायची नाही, उपस्थितीचा विषय काढायचा नाही. त्या घरातल्या माणसांच्या कामाच्या वेळा, पाळ्या आणि चालू फोन नंबर विचारून लिहून आणायचे. त्या वेळा एका कागदावर मांडल्या म्हणजे प्रार्थनासभा कोणत्या दिवशी आणि किती वाजता असावी हे कमिटीला वाद न घालता ठरवता येईल. भेटींची सुरुवात नदीकाठच्या आणि तळमजल्यावरच्या घरांपासून करा, आणि ती घरे जूनच्या आत संपवा.